‘सगळं ऑन ट्रॅक आहे’ : प्रकल्पातली माणसं आणि उशिरा कळणाऱ्या बातम्या

वाचकांचे प्रश्न

या वेळी प्रकल्प व्यवस्थापनावरचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. मी स्थापत्य अभियंता. उमेदीची वर्षं सांगली-सातारा भागातल्या पाणीपुरवठा योजना आणि पुलांच्या कामांवर गेली. त्यामुळे उत्तरांत माती-सिमेंट जास्त येईल. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते आपल्या कामाला लावून घ्यावं.

प्रश्न : ताई, मी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, वय ३१. टीम आठ जणांची होती. उशीर व्हायला लागला म्हणून वरून आणखी चार जण दिले, तरी उशीर वाढलाच. ग्राहक जर्मनीत आहे. रोज सकाळी साडेदहाला स्टँडअप (कामाचा आढावा घेणारी छोटी बैठक) होतो, प्रत्येक जण ‘ऑन ट्रॅक’ म्हणतो, मीही अहवालात हिरवा रंग भरतो. शुक्रवारी रिलीज असेल तर गुरुवारी संध्याकाळी कळतं की निम्मं काम व्हायचंय. मग मी चिडतो आणि सगळे रात्रभर बसतात. अप्रेजलमध्ये साहेबांनी ‘सॉफ्ट स्किल्स सुधारा’ असा शेरा मारला. माझं प्लॅनिंग पक्कं असतं, प्रमाणपत्रही आहे. सॉफ्ट स्किल्स म्हणजे गोड बोलणंच ना? त्याने काम वेळेत कसं होणार?

उत्तर : गोड बोलून काम वेळेत होत नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण तुमच्या पत्रातले दोन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले : ‘मी चिडतो.’ गुरुवारी तुम्हाला जे कळलं ते टीममधल्या कुणाला तरी सोमवारीच ठाऊक होतं. चार दिवस तो माणूस ते पोटात ठेवून बसला. का बसला, याचा शोध घ्या. माझ्या मते प्रकल्प चालवणाऱ्याचं पहिलं कौशल्य एकच : वाईट बातमी आपल्यापर्यंत लवकर पोचेल असं वागणं. बाकीची सगळी त्याच्या मागून येतात.

ही गोष्ट किती गंभीर आहे, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात वेदनादायक उदाहरण अमेरिकेतलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. कारण तांत्रिक होतं. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत ताठर झाली आणि गरम वायू बाहेर आला. पण रबर थंडीत ताठरतं हे कुणाला माहीत नव्हतं, असं नाही. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बॉइसजॉली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री टेलिफोनवर बैठक झाली. अभियंत्यांनी तक्ते दाखवून सांगितलं, तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. कंपनीच्या वरिष्ठांनी थोडा वेळ मागून आपापसात चर्चा केली. त्या चर्चेत अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला, आता अभियंता म्हणून नाही तर व्यवस्थापक म्हणून विचार करा, असं सुनावण्यात आलं. शिफारस फिरली. पुढे चौकशी आयोगाला आढळलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना अभियंत्यांच्या विरोधाची कल्पनाच नव्हती.

ज्ञान होतं, आकडे होते, धोका ओळखणारी माणसंही होती. ती माहिती वर चढण्याची वाट मात्र बंद झाली होती. ती वाट उघडी ठेवायला ना कामांचं वेळापत्रक मांडणारा गँट चार्ट कामी येतो, ना कामांची नोंद ठेवणारं ‘जिरा’ सॉफ्टवेअर.

आता तुमच्या साडेदहाच्या स्टँडअपकडे येते. बारा माणसांसमोर ‘झालं का?’ असं विचारलं, तर उत्तर ‘झालं’ किंवा ‘होतंय’ असंच येणार. तुमच्या प्रश्नातच उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी ‘आज मला काय चालवून दाखवशील?’ असं विचारा. चालणारी गोष्ट डोळ्यांसमोर आली की ‘नव्वद टक्के झालं’ हे वाक्य आपोआप बंद होतं. दुसरा प्रश्न एकेकट्याला विचारा, चहाच्या वेळी, लॅपटॉप बंद करून : ‘या कामात तुला कशाची धास्ती वाटते?’ पहिल्या खेपेला कुणी काही सांगणार नाही. आठवडाभर विचारत राहा. मग एक जण सांगेल.

सगळं त्या एका क्षणावर अवलंबून आहे. पहिला माणूस पहिली वाईट बातमी घेऊन येईल तेव्हा उरलेले अकरा जण तुमचा चेहरा बघत असतील. ‘मग आधी का नाही सांगितलं?’ हे वाक्य त्या वेळी गिळा. ‘बरं झालं आज कळलं. काय करता येईल?’ एवढंच म्हणा आणि खरंच खुर्ची ओढून त्याच्याबरोबर बसा. त्याच दिवशी अहवालातला तो रकाना लाल करा आणि वरच्या साहेबांचं बोलणं स्वतः ऐकून घ्या, त्या मुलाला पुढे करू नका. तुमच्या क्षेत्रात बाहेरून हिरव्या आणि आतून लाल प्रकल्पाला कलिंगड म्हणतात असं ऐकते. असा खोटा हिरवा रंग भरणं हे आठवी-नववीपासून कॉपी करून पुढे आलेल्यांचं काम नसतं. चांगली, कष्टाळू मुलंच भीतीपोटी हिरवा रंग भरतात, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

चार माणसं वाढूनही उशीर का वाढला, तेही सांगते. आठ जणांत आपापसात बोलण्याच्या जोड्या २८ होतात, बारा जणांत ६६. माणसं दीडपट झाली आणि समजुतीचे घोटाळे व्हायच्या जागा दुपटीहून जास्त. त्यात नव्यांना शिकवायला जुन्यांचेच तास गेले. पुढच्या वेळी माणसं मागण्याआधी साहेबांना हे गणित कागदावर दाखवा. जर्मनीतल्या ग्राहकाला ‘शुक्रवारी तीनपैकी दोनच गोष्टी मिळतील’ हे मंगळवारी कळवा. मंगळवारी कळलं तर तो त्याच्याकडचं नियोजन बदलू शकतो. गुरुवारी रात्री कळलं तर त्याच्या हातात चिडण्यापलीकडे काहीच उरत नाही.

प्रश्न : मॅडम, मी २४ वर्षांची आहे, मिरजेजवळच्या एका गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर. मुकादम पन्नाशी पार केलेले, सेंट्रिंगवाले (काँक्रीटचे साचे उभारणारे) आणि फिटर (सळया बांधणारे) त्यांच्याच हाताखाली. मागच्या महिन्यात स्लॅबच्या आधी मी पाहिलं की बाल्कनीच्या वरच्या सळया कामगारांच्या पायाखाली दबून तळाला गेल्यात. मी काँक्रीट थांबवा म्हटलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ताई, तुमच्या जन्माआधीपासनं स्लॅब टाकतोय.’ मी सीनियरना फोन केला, काम थांबलं, सळया उचलल्या. पण तेव्हापासून सगळी गँग माझ्याशी अबोला धरल्यासारखी वागते. विचारलं तेवढंच सांगतात. मी चुकले का?

उत्तर : तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून एकेरीत लिहिते. अजिबात चुकली नाहीस. बाल्कनी एका बाजूनेच धरलेली असते, तिचा ताण वरच्या अंगाला येतो. वरची सळई तळाला गेली म्हणजे तिथे लोखंड असून नसल्यासारखं. कधीतरी कपडे वाळत घालणाऱ्या बाईसकट ती बाल्कनी खाली येईल. अशा ठिकाणी नातं सांभाळायला म्हणून मागे हटणं मी कधीच मान्य करणार नाही. मऊपणा माणसाशी असावा, सळईच्या जागेशी नाही.

आता अबोल्याविषयी. मुकादमांना तुझं म्हणणं खटकलं नसावं, ते चारचौघांत आणि काँक्रीटची गाडी दारात उभी असताना आलं, ते खटकलं. त्या क्षणी त्यांच्यासमोर दोनच रस्ते होते : गँगसमोर मान खाली घालणं किंवा तुला उडवून लावणं. त्यांनी दुसरा धरला. तो रस्ता त्यांच्यापुढे येऊच नये, ही तजवीज तुला करता येते.

माझी पद्धत सांगते. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी, गँग हातपाय धुवायला गेली की मी आणि मुकादम दोघंच वर जायचो. कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे), चेअर (वरची सळई उचलून धरणारे लोखंडी आधार), सळयांच्या सांध्याची लांबी, सेंट्रिंगचे टेकू, सगळं फिरून बघायचो. काही चुकलं असेल तर मी त्यांनाच विचारायची, ‘मुकादम, ही सळई सकाळपर्यंत वरच राहील का? पोरं इथूनच ये-जा करणार.’ मग तेच म्हणायचे, फळ्या टाकू, दोन चेअर वाढवू. सकाळी गँगसमोर तो हुकूम त्यांच्या तोंडून जायचा. श्रेय त्यांना गेल्याने माझं काही कमी होत नव्हतं, आणि स्लॅब बरोबर व्हायचा.

कारण सांगायला कधी कंटाळू नकोस. ‘ड्रॉइंगमध्ये असं आहे’ हे कारण नव्हे. एक फूटपट्टी घे, एक टोक टेबलावर दाबून धर, दुसरं टोक खाली वाकव, आणि वरची बाजू कशी ताणली जाते ते त्यांच्या बोटाला लागू दे. आयुष्यभर हाताने काम केलेला माणूस ते एका क्षणात ओळखतो. पुढच्या साइटवर तोच दुसऱ्या इंजिनिअरला दाखवेल.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल व्यवस्थापनाच्या वर्गात कुणी बोलत नाही : खर्ची, म्हणजे कामगारांना आठवड्याच्या खर्चासाठी मिळणारी उचल. आठवड्याची खर्ची वेळेवर मिळते का, यावर साइटवरचं निम्मं बोलणं ठरतं. बिल मंजूर करणं तुझ्या हातात नसेल, पण मोजमापं वेळेत घेऊन वर पाठवणं तुझ्याच हातात आहे. शनिवारी बाजाराला पैसे नसलेला माणूस सोमवारी तुला मनातलं काय सांगणार? आमच्या कामांवर विजयपूर, कलबुर्गीकडच्या गँग असायच्या. बायका तान्ही मुलं घेऊन यायच्या. सावलीला पत्रा आणि प्यायच्या पाण्याची टाकी यासाठी मी ठेकेदाराशी जितकी भांडले तितकी कुठल्याही रेखाचित्रासाठी भांडले नाही.

त्याचं फळ काय मिळालं, ते लिहिते. एका उंच टाकीच्या पायाचं खोदकाम चाललं होतं. मुरूम लागला, मी पाहिलं, दुसऱ्या दिवशी पीसीसी, म्हणजे पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर, ठरलं. रात्री मुकादम माझ्या खोलीवर आले. म्हणाले, ‘बाई, पूर्वेच्या कोपऱ्याला पहार सहज जाती. आत काळी माती हाय जणू.’ सकाळी तो कोपरा उकरला, खरंच काळ्या मातीचा खिसा निघाला. पाया तिथे खोल नेला. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर भरलेली टाकी एका अंगाला बसली असती. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर विचारणारं कुणी नव्हतं, खड्डा मी पास केलेलाच होता. काँक्रीटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी तपासतात, तेव्हा ताकद कळते. मुकादमाला कामातली खोट मात्र त्याच रात्री कळलेली असते.

तेव्हा उद्या त्यांच्याकडे जा. सळयांविषयी माफी मागू नकोस. फक्त एवढं म्हण : ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणं झालं. पुढच्या स्लॅबला आपण आदल्या संध्याकाळी दोघं बघू या.’ ते लगेच हसतील अशी अपेक्षा ठेवू नकोस. पुढचा स्लॅब होऊ दे.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा. चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नवीन मशीन बसवण्याच्या प्रकल्पाचं काम बघतो. काम मला चांगलं येतं, पण इंग्रजी अडखळत येतं. मीटिंगमध्ये गप्प बसतो. एचआरने सांगितलं, सॉफ्ट स्किल्सचा कोर्स करा. फी माझ्या महिन्याच्या पगाराएवढी आहे. करू का?

उत्तर : त्या कोर्समध्ये इंग्रजी संभाषण शिकवणार असतील तर त्याला इंग्रजीचा वर्ग म्हणा आणि त्यापेक्षा स्वस्त वर्ग शोधा. इंग्रजी शिकाच, चाकणमध्ये ते लागतं. पण इंग्रजी येत नाही म्हणजे आपल्यात माणसं सांभाळण्याचं कौशल्य नाही, हा समज मनातून काढून टाका. आपल्याकडच्या कितीतरी हुशार मुलांना या समजाने मुकं केलंय, आणि ते बघून मला फार वाईट वाटतं.

१९९९ साली नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान, मार्स क्लायमेट ऑर्बिटर, ग्रहाजवळ पोचताना हरवलं. कारण असं निघालं की एका गटाच्या सॉफ्टवेअरने रेट्याचे आकडे पौंडाच्या एककात दिले होते आणि दुसरा गट ते न्यूटनचे समजून मार्ग काढत होता. दोन्ही गट अमेरिकेतले, सगळ्यांची भाषा इंग्रजी. यानाच्या मार्गात काहीतरी जुळत नाही हे मार्ग आखणाऱ्यांच्या लक्षातही आलं होतं. पण ती शंका रीतसर नोंदवून तिचा पाठपुरावा झाला नाही. त्या सगळ्यांचं इंग्रजी फर्डं असणार. ‘हा आकडा कुठल्या एककात आहे?’ एवढा प्रश्न मात्र वेळेत विचारला गेला नाही.

तो प्रश्न तुम्ही मराठीतून विचारू शकता. मीटिंगमध्ये गप्प बसू नका. ‘सर, मराठीत सांगतो’ म्हणा आणि मुद्दा मांडा. मीटिंग संपली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका : काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, आणि काय अजून ठरलेलं नाही. चौथी ओळ सगळ्यात मोलाची. मशीनच्या पायाचे बोल्ट कोण देणार, हवेची लाइन कुठपर्यंत कोणी आणायची, वीज जोडणी कोणाकडे, यांवरच मशीन बसवण्याचे प्रकल्प अडकतात, हे तुम्ही रोज बघत असाल. साध्या, तुटक इंग्रजीतला असा मेल तीन महिने सलग गेला, तर पुढच्या मीटिंगला लोक तुमच्या मेलची वाट बघतील. फीचे पैसे घरी पाठवा.

प्रश्न : मी एका जलवाहिनी प्रकल्पात कनिष्ठ अभियंता आहे. पाइप शेतांतून जाणार. मोजणीला गेलो की लोक जमतात, खुंट्या उपटतात. वरिष्ठ म्हणतात बंदोबस्त घेऊन जा. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करावं तेही कळत नाही.

उत्तर : शेतकऱ्याला प्रकल्पाची पहिली खबर शेतात ठोकलेल्या खुंटीवरून मिळत असेल, तर ती खुंटी उपटली जाणारच. माझ्या शेतात कुणी न सांगता खुंटी मारली तर मीही उपटेन.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण कोकण रेल्वेचं आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख होते, आणि रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पुरा झाला. बोगदे, पूल, दरडी यांचं कौतुक आपण ऐकत आलो. पण गोव्यात डोंगरापेक्षा माणसांचा प्रश्न अवघड निघाला. मार्ग किनाऱ्यालगतच्या वस्तीतून, खाजन शेतांतून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतून) नको, अशी मागणी घेऊन लोक रस्त्यावर उतरले. काम काही काळ थांबलं आणि मार्गाची चौकशी न्यायाधीशांकडे द्यावी लागली. लोकांच्या शंका खऱ्या होत्या : खाजनातलं पाणी कुठे जाणार, घरं, जुन्या वास्तू राहणार का? असे प्रश्न अभियंत्याला अडथळा वाटतात, पण तीही माहितीच असते, आणि ती फुकट मिळत असते.

तुमच्या गावात मोजणीच्या आधी बैठक घ्या, संध्याकाळी, गुरांच्या धारा झाल्यावर. नकाशा ए-४ कागदावर नेऊ नका. गट नंबर वाचता येतील एवढा मोठा न्या, आणि प्रत्येकाला आपल्या गटावर बोट ठेवू द्या. पाइप किती खोल जाणार, वर पीक घेता येणार का, झाड लावता येणार का, विहिरीपासून किती अंतर, उभ्या पिकाची भरपाई कोणत्या दराने, हे आधी वरिष्ठांकडून लेखी घ्या. जे लेखी नाही त्याचं आश्वासन देऊ नका. ‘बघतो’, ‘करून देऊ’ असं म्हणणारे बरेच साहेब त्या गावाने पाहिलेले असतात. ‘हे मला आज माहीत नाही, पुढच्या मंगळवारी सांगायला येतो’ असं म्हणा, आणि उत्तर मिळालेलं नसलं तरी मंगळवारी जा. नुसतं जाणंसुद्धा लोक लक्षात ठेवतात.

बंदोबस्ताविषयी वरिष्ठांना समोरासमोर सांगा. पोलीस एक दिवस उभे राहतील, तुमचा पाइप तिथे तीस-चाळीस वर्षं राहायचा आहे. गळती लागली, व्हॉल्व्ह बिघडला, की रात्री-अपरात्री त्याच शेतातून तुमच्या माणसांना जायचं आहे. आणि लोकांनी सुचवलेला बदल, समजा बांधाच्या कडेने पाइप न्या असं म्हणाले, तर नाकारण्याआधी एकदा खरंच मोजून बघा. वाढीव लांबीचा खर्च आणि तीन महिने थांबलेल्या कामाचा खर्च शेजारी शेजारी लिहून वर पाठवा.

बैठकीचं इतिवृत्त त्याच रात्री मराठीत लिहा, लोकांचे आक्षेप त्यांच्याच शब्दांत घ्या, आणि सकाळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून मगच मोजणीची तारीख मागा.